गळ्यातलं बटण

...नाही, पण मी काय म्हणतो, सदतीस वर्षं मास्तरकी केली मी, गळ्यात कधी साधी शिट्टी घातली नाही! आवाजच असा, की वर्गात पाढा सुरू केला की नदीपलीकडच्या भातातले बगळे उठायचे, आणि आता निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना माझ्या गळ्यात हे लटकवलं... हे, हे बघा, काड्यापेटीएवढं! खा, खा तुम्ही, खाऊची खोकी उघडा खुशाल. आपल्या जावात जागृतीच्या बैठकीला मास्तर लोक खोक्यासाठीच येतात हे काय मला ठाऊक नाही? मीही तसाच आलो होतो, गेल्या वर्षी, याच हॉलमध्ये, तिकडे शेवटच्या रांगेत. पुढे ती शहरातून आलेली मुलगी बिचारी घसा कोरडा करून सांगत होती, 'गुरुजी, ज्या मुलांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात यंत्र असतं, पण वर्गातल्या गोंगाटात ते पुरत नाही, म्हणून हा माईक शिक्षकांनी गळ्यात घालायचा, तुमचा आवाज थेट मुलाच्या कानात जातो, तीस पावलांपर्यंत, भिंतीपलीकडूनसुद्धा जातो, आणि वर्गाबाहेर पडताना हे बटण न विसरता...' आणि नेमका त्याच क्षणी माझ्या खोक्यातला लेम्परचा चिकट भात केळीच्या पानाला धरून बसला! आता मला सांगा, माणसानं पान सोडवावं की बटण ऐकावं?

तर तुम्हाला सांगतो, आमची लारास. चौथीतली. वडील नाहीत, आई सुंदारी सायकलच्या मागे बाटल्या बांधून गावभर जामू विकते, हळद-चिंचेचा, आल्याचा, पोटाचा, कंबरेचा, सगळ्या दुखण्यांचा काढा तिच्याकडे. पोरीच्या दोन्ही कानांत यंत्रं, केसांखाली झाकलेली. तीन वर्षं ती पहिल्या बाकावर बसून माझे ओठ वाचायची, आणि मी मेला फिरत फिरत शिकवणारा, म्हणजे तिची मान सारखी माझ्यामागे. पहिल्या दिवशी माईक घातला आणि सवयीनं फळ्याकडे तोंड करून विचारलं, 'सात आठे किती?' आणि मागून पहिला आवाज कुणाचा? लारासचा! 'छप्पन्न, पाक गुरू!' तिचा उच्चार जरा ओलसर आहे, छप्पन्नचा छ पाण्यातून आल्यासारखा येतो, पण आला ना! मी वळलोच नाही लगेच. खडूची भुकटी डोळ्यांत गेली होती... बरं, नव्हती गेली. तास संपला, मी बाहेर पडलो. आणि बटण? चालूच!

आता आपल्याकडची रीत मी तुम्हाला काय सांगायची? तोंडावर कुणाला वाकडं बोलायचं नाही. तोंडावर हसायचं, मान डोलवायची, 'हो, हो, छान, छान', आणि खरं काय ते माणसाची पाठ वळली की. आपल्या जावा बेटाचा सगळा कारभार पाठीवर चालतो! माणसाला पाठ नसती तर आपण केव्हाच एकमेकांचे गळे धरले असते. तर मी शाळेच्या संडासात, पोट धरून, 'मेलो, मेलो, कालच्या मिरचीनं घात केला!' आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर जामूची बाटली. 'आईनं दिलाय, पाक गुरू. पोटासाठी.' मी म्हटलं, कमाल आहे, चेहऱ्यावरून पोट ओळखते की काय ही पोर! मग कॅन्टीनच्या बाईंना, बू तिनाहना, मी तोंडावर म्हणालो, 'वा, सोयाबीनचा तेंपे काय खुसखुशीत तळलाय!' आणि वळून खेळाच्या मास्तरांना, 'या तेलात काल चप्पल तळली होती काय हो?' दुसऱ्या दिवशी लारास घरून डबा घेऊन हजर, त्यात तेंपेचे दोन तुकडे, एक तिचा, एक माझा. मला वाटलं, पोर जीव टाकते आपल्यावर. टाकत होतीच म्हणा. भिंतीला कान असतात म्हणतात... अहो, भिंतीचं काय घेऊन बसलात, इथं माझ्या गळ्यातच कान टांगलेला! आणि बटण? चालूच!

मग सहामाही झाली. सुंदारी आली, पुढे हात बांधून उभी राहिली, म्हणाली, 'कशी आहे हो माझी पोर, पाक गुरू?' मी म्हटलं, 'छान, छान! उत्तम प्रगती!' हसलो, मान डोलवली. ती सायकलकडे गेली, लारास वर्गात दप्तर भरत राहिली, आणि मी मधली भिंत ओलांडून मुख्याध्यापिकांच्या खोलीत. बू हेर्मिन म्हणाल्या, 'आता खरं सांगा, पाक गुरू. काय करायचं त्या मुलीचं?' आणि उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, 'बू, बत्तीस पोरं आणि मी एकटा. तिच्यासाठी दोनदा सांगा, सावकाश सांगा, तोवर मागच्या बाकांवर बाजार भरतो. शहरातल्या खास शाळेत घाला तिला, तिथं राहायचीही सोय आहे. माझं वय झालं. मला ओझं होतंय तिचं.' बू हेर्मिन म्हणाल्या, 'ठीक आहे, सोमवारी कागद पाठवते.' झालं. पाच मिनिटांत एका पोरीचं घर बदललं आम्ही, वर चहाही प्यायलो.

आणि बटण...

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी वर्गात आलो तर लारास माझ्या टेबलाशी उभी. हातात डबी, यंत्रांबरोबर आली होती ती, आत कापूस, कापसावर दोन्ही यंत्रं, पुसून लख्ख केलेली. माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, 'पाक गुरू, आजपासून तुम्ही गळ्यात नका घालू. मी पूर्वीसारखं तोंड बघून समजून घेईन. धडा आधी पाठ करून येईन, मग दोनदा नाही सांगावं लागणार. पण मला शहरात नका पाठवू. आईच्या बाटल्या मी धुते. ती एकटी पडेल.' माझ्या हातातला खडू खाली पडला. मी विचारलं, 'तुला कुणी सांगितलं गं?' तर पोर लाल झाली, आणि कसनुसं हसून दोन्ही हातांनी, किती अदबीनं, माझ्या गळ्याकडे दाखवलं. म्हणाली, 'मी चोरून नाही ऐकलं, पाक गुरू. खरंच नाही.'

तीन आठवडे! तीन आठवडे तिनं माझं पोट ऐकलं, माझी चप्पल ऐकली, सगळं ऐकलं, आणि बोलली नाही. का? तर मोठ्या माणसाला तोंडावर 'तुम्ही चुकलात' म्हणायचं नसतं! कुणी शिकवलं तिला हे? पहिलीत मीच की!

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, माफी मागायची सरळ. अहो, कशी मागायची? तुमच्यापैकी कुणी मागितली आहे आजवर, दहा वर्षांच्या पोरापुढे? तोंड उघडलं मी, दोनदा उघडलं. 'लारास...' आणि पुढे काय, तर 'छान, छान!' जीभच वळेना हो! सदतीस वर्षांची सवय. मग एकदम सुचलं. तिला म्हटलं, 'यंत्रं कानात घाल आधी. आणि बस जागेवर. मी जरा बाहेर जाऊन येतो.'

गेलो शाळेच्या मागे. तिथं केळीची झाडं, आणि शिपायाची बकरी बांधलेली. मी बकरीपुढे उकिडवा बसलो आणि, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पाठीमागे इतकं मनापासून बोललो. म्हटलं, 'हे बघ, कुणाला सांगू नकोस हं. ती लारास आहे ना, चौथीतली, तिचं ओझं नाही होत मला. मला लाज वाटते. तीन वर्षं ती माझ्यामागे मान वळवत राहिली आणि मी एका जागी उभा राहिलो नाही, म्हणून लाज वाटते. काल मी वाईट बोललो. चुकलो मी. फार चुकलो. तिनं इथंच राहावं. सात आठे छप्पन्न मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.' बकरी चघळत होती. माझं नाक वाहायला लागलं, ते मी केळीच्या पानाला पुसलं. आणि बटण? चालूच! या खेपेला दोनदा बघून घेतलं होतं.

परत आलो तर सगळा वर्ग हजर, गोंधळ, धिंगाणा, आणि लारास वहीत मान खाली घालून बसलेली. आणि माझ्या टेबलावर, तिच्या दप्तरातून निघालेली, जामूची बाटली. मी चवीवरून ओळखला, आल्याचा. सर्दीचा! बू हेर्मिनकडे तसाच गेलो, आणि तोंडावर, बरं का, तोंडावर म्हटलं, 'कागद पाठवू नका.'

आता पाचवीत आहे ती. तिचा वर्ग मीच मागून घेतला. बाहेर बसली आहे बघा व्हरांड्यात, आईबरोबर, तिला म्हटलं आज या हॉलमध्ये खरं काय ते सांगणार आहे, तर म्हणाली, 'मग मी ऐकणार.' तेव्हा सगळं ऐकते आहे, तुमच्या पाठीमागून. ते शेवटच्या रांगेतले पाक गुरू, खोक्यात तोंड घातलेले, तुम्हाला सांगतो, ते पान जरा बाजूला ठेवा हो... थांबा, ती दारात आली. काय गं? ...काय? मोठ्यानं सांग, इथं मला नाही ऐकू येत!

म्हणते, 'पाक गुरू, “तुम्हाला सांगतो” तिसऱ्यांदा म्हणताय. पुरे.'

ऐकलंत? तोंडावर! भर सभेत! तीन आठवडे गप्प बसलेली पोर... आणि तक्रार कुणाकडे करू? तीस पावलांत कुठंही केली, तरी तिलाच ऐकू जाणार. बसतो.