तागानंतरचा ऊस

— नाही हो, बेणं जुनंच, आमचंच. हात लावून बघा ना कांडीला, मुठीत मावत नाही! याच रानात ऊस करंगळीएवढा यायचा. दरवर्षी उसावर ऊस, युरियावर युरिया — जमीन पार थकून गेलेली. त्यात माझा मुलगा तापानं गेला आणि शेत सुनेच्या अंगावर पडलं. ती म्हणाली, आई, या पावसाळ्यात रान मोकळं ठेवू, नुसता ताग पेरू. मी म्हटलं, अगं, मग खायचं काय, ताग? — तर हसली. मुलगा गेल्यावर पहिल्यांदा हसली, म्हणून मी हो म्हटलं, खरं सांगायचं तर. नत्रबित्र मला कुठं कळतंय! तिनंच रोप उपटून दाखवलं — मुळांना बारीक गाठी, फोडल्या तर आत गुलाबी. आई, हवेतलं खत इथं धरलं जातं, म्हणाली. मग रान पिवळंधमक झालं, आणि ऐन फुलात तिनं सगळं गाडून टाकलं! मला बघवेना. ती म्हणाली, शेंग धरली की जोर दाण्यात जातो, मातीला काय उरणार?

ती? — ती नसते इथं आता. माती तपासायला एकजण यायचा, सरळ माणूस. नमुना एकदा नेला की झालं ना? हा तीनदा आला! म्हातारीला काय दिसत नाही? मीच लग्नाचा विषय काढला. ती रडली — तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ? मी म्हटलं, तुझं वय काय, माझं काय. जा. ऊस लावून झाला आणि गेली. मीच पाठवली हो, कुणी काढली नाही तिला. लोक काय, काहीही बोलतात.

फोन करते ना. आई, ऊस कसा आहे? मी सांगते, बेताचाच. — खोटं, दुसरं काय! पूर्वीच्या दीडपट आलाय, युरिया निम्मा घालून. पण हे सांगितलं तर बघायला येईल. या बांधावर उभी राहील. आणि एकदा आली ना, तर दुसऱ्यांदा तिला जा म्हणायचं बळ माझ्यात नाही.

— फोटो कशाला? कुणाला पाठवताय? … तिला? तिनं पाठवलंय तुम्हाला? अहो, मग आधी नाही का बोलायचं! … बरी आहे ना ती? — नको, सांगू नका. काही सांगू नका. ठेवा तो फोन खिशात. निघा आता. निघा म्हणते ना.