तेलाचा चिन्नोर

परक्या घरची भानगड ऐकू नये, असं शोभाताई आपल्या सुनांना बजावत. पण सानगडीची बस काही येईना, आणि मागच्या बाकड्यावर एका सासू-सुनेची जुंपली होती.

“तांदळाले सोंडे लागले त निंबाचा पाला टाक म्हटलं होतं. तेल कायले टाकलं वं?”

“टाकलं नाई, आई. गवती चहाच्या तेलात चिंधी भिजवून कोठीत टांगली. पळाले का नाई सोंडे?”

“सोंडे पळाले, पर वास भातात बसला ना! तृप्तीले पाहाले आलेले पाहुणे ताटावर, अन् माह्या जिवाचं पानी पानी.”

“पोराच्या मायनं त मांगून मांगून भात घेतला.”

“अन् इचारलं, हा कोनता तांदूळ? आता सोंड्याची दवाई हाये म्हनू का? म्हटलं, घरचा चिन्नोर!”

“झालं!”

“सकाळी फोन आला. पोरगी पसंत हाये, पर लग्नात पंगतीले तोच सुवासाचा चिन्नोर पायजे म्हनते.”

“मंग खरं सांगून टाका.”

“पयल्याच घासाले खोटं बोलली म्हनन ते. माह्या पोरीले काय मान राहीन तिथं?”

“त खराच चिन्नोर घेऊ.”

“घेतला ना! काल शिजवून बी पाहिला.”

“मंग काहून तोंड पाडून बसल्या?”

“त्याचा वासच निराळा! आता खऱ्या चिन्नोरले बी तुह्यं तेल लावा लागते.”