केस उघडून राहिली

स्लो कम्प्युटरचं मले सांगूच नका. मी जठारपेठेत ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली आहो, त्यायचा कम्प्युटर चालू कराचा अन् चहा प्याले जाचं. वापस येईस्तोवर तो उघडे. पक्षकार आला की साहेब म्हनत, "बसा भाऊ, तुमची केस उघडून राहिली."

नवा घ्याले साहेब तयार नवते. मेकॅनिक म्हने, "निस्ती हार्डडिस्क बदला, बाकी डबा चालते." मी साहेबाच्या मागं लागून बदलून घेतली.

दुसऱ्याच दिवशी अंजनगावचे एक काका त्यायच्या बांधाच्या भांडनाचं विचाराले आले. साहेब सवयीनं म्हने, "बसा, तुमची केस उघडून..." तं काका बसाच्या आंधीच केस स्क्रीनवर!

मी ऐटीत म्हनलं, "एकच पार्ट बदलला, काका!"

साहेब स्क्रीनकडे पाहे, मंग काकाकडे, मंग छताकडे. केस समोर उघडी, पन तिच्यात काय झालं होतं, तेच त्यायले आठवेना. काकानं बराच वेळ वाट पायली. मंग माह्याकडे वळून शांतपने म्हने, "काहून गा, एकच पार्ट आनला? साहेबाले बी एक बसवाचा होता ना!"