चौदा माणसांची यादी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात पुसा. देवाचं नाव घेऊन झालं — आता देवानं दिलेल्या डोक्याचं काम आहे!

एक साधा प्रश्न विचारतो. उद्याची तयारी आजच करावी — पटतं का? ...पटतं! सगळ्या माना हलल्या. शाबास! आता दुसरा प्रश्न. ती तयारी सुरू कुणाच्या घरापासून करायची? ...बघा! एक मान हलेल तर शपथ! जो तो शेजारच्याकडे बघतोय! मंडळी, सगळं अडतं ते इथंच. म्हणून आज मी कुठला राजा आणला नाही, ऋषी आणला नाही. आज आणलाय एक आचारी.

गेनबा आचारी, गाव चिलारवाडी. आचारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं आधी पोट आलं असेल! तसं नाही हो. हा माणूस म्हणजे काडी. धोतर नेसला की धोतरच चालत येतंय असं वाटायचं. पण हजार पानांची पंगत उठवावी ती गेनबानं! आणि एक खोड. यादी झाल्याशिवाय चूल पेटवायचा नाही. वाढपी किती? पाणी कोण देणार? लाकडं कोण फोडणार? आणि जेवणं उरकल्यावर पातेली घासायला कोण?

एका लग्नात वधूपिता म्हणाला, "गेनबा, घासायचं बघू की नंतर!"

गेनबा काडेपेटी खिशात घालून बसून राहिला. म्हणाला, "नंतर कोण दिसत नसतंय, पाटील. जेवलेला माणूस आडवा होतो."

खरं की नाही? ...हो म्हणू नका, इथं महाप्रसादाला काय होतं ते मी दरवर्षी बघतो!

तर चिलारवाडीला माळरान अफाट. कुसळ सोडून काही उगवत नाही. ऊन असं, की चप्पल काढून दोन पावलं टाकली तर तिसरी उडीच! त्या उन्हावर एका कंपनीची नजर गेली. माळभर काचेचे तक्ते बसवायचे, उन्हाची वीज करायची. झालं! गावात पत्र आलं. सरपंच आबाजींनी ग्रामसभेत चष्मा चढवून वाचलं, "गावाने मनुष्यबळ नियोजन करावे." थांबले. पुन्हा वाचलं. म्हणाले, "मनुष्यबळ... म्हणजे कुस्त्या भरवायच्या का?"

कंपनीच्या देवस्थळी मॅडम समोर बसलेल्या. वयानं लहान, पण समजूतदार. त्या हसल्या नाहीत! म्हणाल्या, "नाही हो. काम येणार आहे. कुठल्या कामाला किती माणसं लागतील, कधी लागतील, त्यांना आधी काय शिकवायला हवं, हे ठरवायचं."

आबाजींचा चेहरा उजळला. "एवढंच होय? मग आमचा गेनबा आहे की! गेनबा, ऊठ!"

अन् गेनबा उठला. झाला नियोजनप्रमुख! मंडळी, माणूस मोठा व्हायला वेळ लागत नाही. मागच्या रांगेत बसून चालत नाही, इतकंच!

पहिली यादी झटक्यात भरली. तक्ते बसवायचं काम. एकवीस दिवसांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र, आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट! एका दुपारी एकशे चाळीस नावं! पोरं रांगेत भांडली. सगळे खूश. आबाजी खूश, मॅडम खूश. एकटा गेनबा कागद उलटा करून बघतोय.

"मॅडम, हे बसवायला किती दिवस?"

"अकरा महिने, काका."

"आणि बसवलेलं टिकणार किती?"

"पंचवीस वर्षं."

"मग अकरा महिन्यांची माणसं ही झाली. पंचवीस वर्षांची कुठायत?"

मॅडमनी पिशवीतून दुसरा कागद काढला. "हा प्रश्न अजून कुठल्याच गावानं विचारला नव्हता," म्हणाल्या. "चौदा माणसं लागतील. कायमची. तारा बघणारी, बिघाड शोधणारी, उन्हाच्या विजेची घरात चालणारी वीज करणारं यंत्र असतं ते दुरुस्त करणारी. पण त्यांनी दोन वर्षं तालुक्याला आयटीआय करायला हवी. आज नावं घातली तरच वेळेवर हाताशी येतील. नाहीतर आम्ही बाहेरून आणू."

चौदा! गेनबाला वाटलं, हजाराची पंगत उठवणारा मी, चौदा म्हणजे काय? पेन कानावर लावला आणि निघाला घरोघर.

पहिलं घर भागोजीचं. "दोन वर्षं शिकायचं? तोवर पोरगं म्हातारं होईल माझं!"

"अरे एकोणीस वर्षांचं आहे ते!"

"तेच तर!"

तेच तर म्हणजे काय, हे गेनबाला कळलं नाही. मलाही कळलेलं नाही.

दुसरं घर. "आमचं पोरगं हुशार आहे, गेनबा. त्याला शिकायची गरज नाही!" तिसऱ्या घरी गोदाक्का म्हणाली, "आधी चौदा भरा. कोण गळालं तर आमचा पंधरावा लिहा." प्रत्येक घरात हेच! माझा पंधरावा लिहा! संध्याकाळपर्यंत पंधरावे तेवीस झाले, मंडळी, आणि पहिला एकही नाही!

आणि तिकडं हेल्मेटांनी गाव पिवळं झालं. पोरं हेल्मेट घालून दाढीला बसायची. न्हावी म्हणायचा, "काढ की!" — "दाढी कर, डोक्याला हात लावू नको!" एका वरातीत तर नवरदेवानं हेल्मेटावर मुंडावळ्या बांधल्या. घोडं बुजलं! नवरदेव पडला! पण डोक्याला काही झालं नाही. ...हसताय काय, उपयोग झाला की!

शेवटच्या घरी दिगंबर नावाचा पोरगा उंबऱ्यात उभा. स्वतः हेल्मेटवाला. गेनबानं त्याला सगळं समजावलं, पंचवीस वर्षं, चौदा माणसं, दोन वर्षांचं शिक्षण. पोरानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, तुमचा सुदाम यातला कितवा?"

मंडळी, गेनबाच्या कानावरचा पेन खाली पडला.

कारण सुदाम, गेनबाचा एकुलता एक, एकशे चाळिसांतला सातवा! हेल्मेट घरात देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला. त्याची आई सोनाबाई रोज देवाला फूल घालायची, तेव्हा एक हेल्मेटालाही चढायचं. का? तर त्या हेल्मेटावर सुदामचं लग्न जमलं होतं! डोणेवाडीच्या सखाहरींची मंजुळा. मुलगी बारावी झालेली, चुणचुणीत. सखाहरी बघायला आले, खुंटीकडं बघितलं आणि म्हणाले, "मुलगा कामाला लागलाय, अजून काय पाहिजे?"

गेनबा घरी आला. ताट समोर, हात कोरडा.

"अहो, जेवा की. कुणाचं काय बिनसलं?"

"आपलंच बिनसलंय. सुदामचं नाव त्या यादीतनं काढून ह्या यादीत घालतो."

सोनाबाईच्या हातातला तवा तसाच राहिला. "येड लागलंय का तुम्हाला? जमलेलं मोडता? सखाहरी काय म्हणतील? नोकरीवाला दाखवला आणि विद्यार्थी दिला?"

आतून सुदाम आला. त्याचा आवाज चढला नाही, मंडळी. चढला असता तर बरं होतं. "आबा, उद्या सगळी पोरं कामावर निघतील. मी त्यांच्यासमोरनं दप्तर घेऊन जाऊ?"

गावातल्या इतक्या बापांना गेनबानं दिवसभर हेच सांगितलं होतं. किती सोपं वाटलं होतं! तोंडातनं शब्द कसे तुपावरनं घसरल्यासारखे येत होते. आणि आता पोराच्या डोळ्यांत बघायची वेळ आली, तर जीभ टाळ्याला चिकटली. मग म्हणाला, "जा म्हणत नाही. मी तुला जोरानं घालवणार नाही. पण तू गेला नाहीस, तर उद्यापासनं मी कुणाच्या दारात जाणार नाही. मला तोंड राहिलं नाही, बाळा."

सुदामनं खुंटीवरचं हेल्मेट काढलं, फूल बाजूला ठेवलं, आणि हेल्मेट माळ्यावर टाकलं. आईकडं न बघता.

आता उरलं डोणेवाडी! गेनबा एकटाच निघाला. वाटेत तीनदा पाणी प्याला. सखाहरींच्या ओसरीवर बसला आणि एका दमात सांगून टाकलं, "पाव्हणं, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. ते हेल्मेट अकरा महिन्यांचं आहे. पोराला मी दोन वर्षं शिकायला घालतोय. तोवर तो विद्यार्थी. तुम्हाला मोडायचं असलं तर मोडा, मी दोष देणार नाही."

सखाहरींनी मान खाली घातली. पानाचा डबा बंद केला. लक्षण वाईट! म्हणाले, "गेनबा, खरं बोललात, उपकार झाले. पण लोकांना मी काय सांगू? जावई काय करतो, तर शाळेत जातो?"

तेवढ्यात आतून आवाज, "आबा, एक विचारू?" दाराआडून मंजुळा. "त्या आयटीआयत मुलींना घेतात का?"

सखाहरी आत बघतायत, गेनबा छपराकडं बघतोय.

"घेतात," गेनबा म्हणाला. "मॅडम स्वतः म्हणाल्या."

"मग माझंही नाव लिहा. म्हणजे लोकांना सांगा, मुलगी शाळेत जाते, जावईही जातो. बरोबरी झाली!"

"अगं, पण लग्नाआधी दोघं एका वर्गात?" सखाहरी ओरडले.

"वेगळ्या बाकावर बसू की!"

...बायकांत कोण हसलं? तुम्हाला बरोबर कळलं! सखाहरी मात्र हसले नाहीत. तीन दिवस घेतले त्यांनी. चौथ्या दिवशी निरोप आला, दोन शब्दांचा. "वेगळा बाक."

मग गेनबा पुन्हा निघाला घरोघर. या खेपेला आधी सांगायचा, "पहिला माझा. दुसरी माझी होणारी सून. आता बोला." काही घरं तरी बंदच राहिली. पण भागोजीनं "तेच तर" म्हणून पोराला पुढं ढकललं. गोदाक्काचा पंधरावा चौथा झाला. एक एक करत नऊ नावं झाली. नऊ!

त्या नऊजणांचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत बरं. सकाळी एसटीला उभे राहिले, की हेल्मेटवाले ट्रॅक्टरवरून ओरडायचे, "गुरुजी, पाढे पाठ झाले का?" सुदाम खाली मान घालायचा. मंजुळा डोणेवाडीहून चालत येऊन तीच एसटी धरायची, ती मोठ्यानं सांगायची, "झाले! तुमचे अकराच्या पुढं येतात का बघा!" आणि परीक्षेत ती पहिली, सुदाम चौथा. घरी म्हणाला, "आबा, तुम्ही सून निवडली की मास्तरीण?"

अकरा महिने सरले. तक्ते बसले, माळ चकाकला, नारळ फुटला, फोटो निघाले. आणि दुसऱ्या दिवसापासून काम संपलं. मंडळी, शंभरावर पोरं पारावर! काहींनी हुशारी केली, पुढच्या जिल्ह्यात नवा माळ बसत होता तिकडं गेली. हात तयार होता, चांगलं झालं. बाकीची हेल्मेटं घरी आली. एकात कोंबडी अंडी घालायला लागली. एकात सोनाबाईच्या शेजारणीनं कोथिंबीर लावली. छान आली म्हणे!

दिगंबर गेनबाकडं आला. मान खाली. "काका, आता लिहा माझं नाव."

गेनबा "सांगितलं होतं" म्हणाला का? नाही! मंडळी, हे अवघड असतं. तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, दोनदा म्हणालो असतो! गेनबा म्हणाला, "आता सुरू केलंस तर दोन वर्षांनी बाहेर पडशील."

"तोवर इथल्या जागा भरल्या असतील."

"इथल्या भरतील. पण ऊन काय आपल्या एकट्या चिलारवाडीवर पडतंय? फॉर्म आण."

पुढं नऊजण पास होऊन आले. प्रकल्पावर रुजू झाले. मंजुळेनं पहिल्याच महिन्यात एक बिघाड असा शोधला, की बाहेरून आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, मी दोन दिवस हाच शोधत होतो." लग्नही झालं. सखाहरी मांडवात ज्याला त्याला धरून सांगत होते, "जावई कामाला आहे हो! आणि मुलगी त्याच्यावर साहेब आहे!"

त्याच लग्नात देवस्थळी मॅडम आल्या. गेनबाला म्हणाल्या, "काका, इतकी माणसं स्वतः तयार केलेलं गाव मी दुसरं पाहिलं नाही. नऊजण! तुमच्या एकट्याच्या जिवावर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गेनबा हसला नाही. उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मॅडम, पाच पानं मांडली होती हो आमच्या पोरांची. त्यांवर दुसरे बसले. बसले ते चांगलेच आहेत, त्यांचंही पोट आहे. पण मी पहिल्या दिवशी माझ्या घरापासनं सुरू केलं असतं ना... पहिल्या दिवशी... तर भरली असती ती पाच."

मंडळी, नऊ उभे केलेला माणूस पाचांसाठी रडतो! आणि आपण? आपल्याही माळावर खांब रोवलेत ना? चैत्रात काम सुरू होणार आहे ना? मी येताना ग्रामपंचायतीत डोकावलो. बसवायच्या यादीत दोनशे बारा नावं! वा! आणि शेजारी दुसरी यादी लावलीय, पंचवीस वर्षांच्या माणसांची. तिच्यावर काय आहे माहिती आहे? चहाच्या कपाचा गोल डाग! दुसरं काही नाही!

तुम्ही म्हणाल, बुवा, सांगायला तुमचं काय जातं? बरोबर. म्हणून त्या डागाखाली मी पहिलं नाव लिहून आलोय. माझ्या धाकट्या लेकीचं. घरी अजून सांगितलेलं नाही! आज जेवायला तुमच्याकडंच थांबावं म्हणतो!

आता दुसरं नाव कुणाचं? उठा! ...कुणी नाही? सरपंच? ...नाही. अहो, ती बघा! मागं बायकांतून एक माउली उठली! शाबास, बाई! नाव सांगा मुलाचं! ...काय म्हणता? बाळ रडतंय म्हणून उठलात?

मग हरकत काय? बाळाचंच लिहा! पंचवीस वर्षं चालणार आहे हो ते!

हसा, हसा. पण हसता हसता घरातल्या पोरांच्या तोंडाकडं एकदा बघा, आणि मग टाळ उचला. मृदंगबुवा, धरा ठेका. ज्यानं सूर्य दिला, त्यानंच हातही दिलेत. त्याचं नाव घेऊ आणि हात कामाला लावू. बोला, पांडुरंग हरी! पांडुरंग हरी!