वळणात पाय उचलायचा नाही

— नाही, आता नाही थांबता येणार मास्तर, तुम्हीच सांगितलंत ना, वळण संपेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही म्हणून — मग? हे वळण संपतंय कुठे? गाडी घसरायला शिकवायचं तुमचं हे ओलं रिंगण गोलच आहे, गोलाला शेवट असतो का? नसतो. एकवीस फेऱ्या झाल्या, मी मोजतेय, तुम्ही नुसते दाराच्या दांडीला लोंबकळताय. थांबायचं कसं ते सुरू व्हायच्या आधीच सांगायचं होतंत, तर पहिल्या फेरीलाच तुमची वाचा बसली. असू दे. मला कुठे घाई आहे. जे विचारायला आले ते फिरता फिरता विचारते.

बासष्ट वर्षांच्या बाईला हे कशाला, असं तुमच्या त्या नावं लिहून घेणाऱ्या मुलीने मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, बाई गं, ही गाडी माझ्या नवऱ्याची आहे, इंजिन मागे असलेली, शर्यतीतल्यासारखी, आणि येत्या रविवारी जावई ती विकतायत. विकू देत बापडे. पण जाण्याआधी मला एवढंच कळून घ्यायचंय, की त्या दिवशी ती गर्रकन फिरली ती माझ्यामुळे की ह्यांच्यामुळे. ती गेली की विचारायचं कोणाला? हे तर गेल्या वर्षीच गेले. झोपेत गेले हो, गाडीत नाही — असे बघू नका माझ्याकडे.

आणि माझ्या पायाची काळजी तर करूच नका. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, विजेवरचं मशीन, खाली पायाशी पॅडल. कॉलरचं वळण आलं की नवशिक्या बायका काय करतात? घाबरतात, पाय उचलतात, टीप वाकडी जाते. मी नाही उचलत. एकदा दुकानात मागचा पडदा पेटला होता, तरी मी बाही पुरी करून उठले. गिऱ्हाईक ओरडत होतं — बाही त्याचीच होती, त्याला काय ओरडायला झालं. हं, बघा, मागचा भाग सरकतोय बाहेर — सरकू दे, स्टिअरिंग तिकडेच जरासं, बोटभर — आला की नाही जागेवर? आला. तुम्ही डोळे मिटलेत, नाहीतर दिसलं असतं. घरी सराव केलाय मी. चहाच्या ट्रॉलीला मागच्या बाजूने शिलाई मशीन बांधलं आणि जेवणाच्या टेबलाभोवती पळवली. लेक घाबरली, डॉक्टरांना घरी घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, बघू द्या जरा, मी करून बघतो. तिसऱ्या वळणाला पाय अडखळला त्यांचा आणि गेले कपाटावर. तेव्हापासून त्यांनी मला गोळ्या दिल्या नाहीत, उलट ट्रॉली कुठून घेतली ते विचारलं.

तर तो दिवस. अठरा वर्षं झाली. गाडी नवी, हे खुशीत, मी शेजारी तुमच्या जागेवर. उताराचं लांब वळण होतं आणि हे ते असं घेत होते मास्तर, की काय सांगू — माणूस घरात नळ नीट बंद करायचा नाही, पण त्या वळणात नुसतं लोणी. आणि मी म्हटलं, "हळू." एवढंच. ओरडले नाही, नुसतं म्हटलं. गाडीने दोन गिरक्या घेतल्या आणि आम्ही भोपळ्याच्या मळ्यात, आलो त्या रस्त्याकडे तोंड करून. खरचटलंसुद्धा नाही कोणाला. हे उतरले, चाकात अडकलेला भोपळा काढला, विसाच्या वेगाने गाडी घरी आणली आणि वर कापड घातलं. पुन्हा नाही चालवली. दर रविवारी कापड काढायचे, पुसायचे, इंजिन चालू करून ऐकायचे आणि पुन्हा कापड. मी विचारलं, माझं काही चुकलं का? तर म्हणे, छे, गाडीच तशी आहे. अठरा वर्षं मी ते खरं मानलं.

आणि काल वर्गात तुम्ही फळ्यावर चित्र काढलंत. जड इंजिन मागे, वळणात पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, मागचा भाग पुढे येतो. सगळी पोरं वहीत उतरवून घेत होती, माझं पेन तिथेच थांबलं. म्हणजे ह्यांनी पाय उचलला. तोवरच्या पंचवीस वर्षांच्या संसारात माझा एक शब्द ऐकला नव्हता त्या माणसाने. पडदे नको म्हटलं, लावले. कुत्रा नको म्हटलं, आणला. आणि ऐकलं कुठे, तर तिथे. का स्वतःच घाबरून उचलला? तसं असेल तर मी सुटले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

म्हणून आता तुम्ही म्हणा. "हळू" म्हणा. नाही, आत्ता नाही, मी तयारीत असताना काय उपयोग — मधेच म्हणा, माझं लक्ष नसताना. मैदान मोकळं आहे, लागलं तर ते रबरी खांब लागतील. माझा पाय नाही हलला, तर त्यांचाही माझ्यामुळे हलला नसणार, हिशेब सरळ आहे. मान काय हलवताय, तोंडाने म्हणा. बरं, नका म्हणू. बसा. मी तुम्हाला पडद्यांचं सांगते, रंग कुठला आणला असेल ह्यांनी, ओळखा बघू, शेवाळी, आणि वर त्याला झालर, मी म्हटलं अहो ही काय खिडकी आहे की —

.

.

उचलला की हो मी.

लागलं का कुठे? नाही ना. हातपाय हलवून बघा. रबरी खांबच आहे तो, गाडीखाली गेलाय. मास्तर, तुमची-माझी ओळख कालची. "हळू" नुसतं पुटपुटलात तुम्ही, नीट म्हणालातही नाहीत, आणि पाय आपोआप उठला. मी विचार नाही केला. शेजारचा माणूस घाबरलाय एवढं ऐकू आलं, बस्स. चाळीस वर्षांचा पाय.

म्हणजे माझ्यामुळेच. आणि तो माणूस म्हणत राहिला, गाडीच तशी आहे.

नाही, रडत नाहीये. तुम्ही उतरा आता. नको, शिकवणी झाली, उतरा तुम्ही, मला एक फेरी शेजारच्या जागेवर कोणी नसताना मारायचीय. आणि दार हळूच लावा, ह्यांना आपटलेलं चालत नाही.