दिवस मावळायच्या आत

डोंगरावर टेकलेला सूर्य. एका बाईच्या मांडीवर उघडा डबा. निपाणीहून बेळगावला निघालेली बस. माझ्या पुढच्या बाकावर ही बाई आणि तिच्या शेजारी तिला अनोळखी गृहस्थ.

"दिवस मावळला की आमी जैन लोक जेवत न्हाय, अण्णा. तुमी घ्या, मग मी खाते."

"नको आक्का, तुमी खावा."

"शेजारचा बघत बसलाय आन् मी खाऊ व्हय?"

"मी तिकडं बघतो."

"तिकडं सूर्य अर्धा गेला की ओ!"

"मग खावा की!"

"एक चपाती घ्या. न्हायतर मी सकाळपतोर उपाशी."

"अण्णा, घ्या की ओ!" कंडक्टर ओरडला.

"बरं, अर्धी द्या."

"अर्धी कुणी वाढतंय व्हय? दोन घ्या."

"चार द्या! पर घास घाला तोंडात!"

दोघांनी एकदमच घास घेतला.

निपाणीत बस सुटताना मेहुण्यानं या अण्णांना खिडकीतून सहावी पुरणपोळी भरवली होती.