हातगुण

...आणि वर आई म्हणते, त्यात एवढी लाज कसली? आता हिला काय सांगू! हिनेच तर अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं ना, आमच्या लेकीने भीतीवर औषध शोधलंय म्हणून. जिन्यात भेटेल त्याला. कुरिअरवाल्याला सुद्धा! त्याने पार्सल दिलं, सही घेतली आणि म्हणाला, "छान." आणि आता ते औषध... तुमचा नंबर अजून लांब आहे ना? मग ऐका. लाज वाटते हो, पण सांगते.

मी पीएचडीला लागले तेव्हा माझं ठरलेलं होतं, जगातली भीती संपवायची. थोडीथोडकी नाही, सगळी. परीक्षेची, ऑपरेशनची, अंधाराची... लोक एकेका पेशीपायी वर्षानुवर्षं घालवतात, मला कुठला एवढा धीर? आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, त्या मोजकंच बोलतात. म्हणाल्या, आधी उंदरांची भीती घालव, जगाचं नंतर बघू. तर उंदीर. उंचावर फळ्यांची एक फुली असते, दोन फळ्यांना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतीआड दडतो, धीट असेल तो उघड्यावर फिरतो. अर्ध्या उंदरांना औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि बघायचं कोण बाहेर येतंय. एवढं सोपं! आणि एवढ्या सोप्यात मी...

औषध होतं कडूजहर. बाटलीला कोणी तोंड लावेना. मग मी एकेकाला तळहातावर घ्यायची, साखरेच्या पाण्यात कालवून थेंब थेंब चाटवायची आणि चाटवताना बोलायची. हो, उंदरांशी! "घे रे राजा, शहाणा ना तू, बघ, संपलं सुद्धा." रोज. आणि पाणीवाल्यांना? त्यांना काय, पाणीच तर द्यायचंय, पिंजऱ्याला बाटली अडकवली की झालं.

आणि निकाल काय आले म्हणता! औषधवाले उघड्या फळीवर बागेत फिरायला आल्यासारखे. एक तर पार कडेला बसून मिशा साफ करत होता. पाणीवाले आपले भिंतीआड, अंगाचं मुटकुळं करून. मॅडम हसल्या. आमच्या मॅडम, हसल्या! मी घरी सांगितलं, आईने इमारतीला सांगितलं, आणि समोरच्या काकू दारात हजर, अगं, आमच्या ह्यांना दे ना थोडं, दाढ किडून गालाचा भोपळा झालाय, पण दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की मागे फिरतात. मी म्हटलं, काकू, थोडं थांबा, माणसांपर्यंत पोचायला वेळ लागतो. काय ऐटीत म्हटलं हो मी ते... लाज वाटते.

मग मला आला ताप, आणि मॅडमनी माझ्या जागी बसवलं कोणाला, तर शंकासुराला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा, ह्याला उकळतं पाणी दिलं तर विचारेल, गरम आहे कशावरून? नवे उंदीर, तेच औषध, तीच फुली... आणि एक उंदीर बाहेर येईल तर शपथ. मी तणतणत गेले, म्हटलं तुझंच काहीतरी चुकलंय. तो म्हणाला, मी सगळ्यांना बाटलीतूनच दिलं, औषधात साखर घालून. आणि मग अगदी हळू,

"तू पाणीवाल्यांना पण हातावर घेत होतीस ना?"

तुम्हाला सांगते, डोळ्यासमोर आलं ना सगळं, पिंजऱ्यात हात घातला की औषधवाले धावत यायचे आणि पाणीवाले कोपऱ्यात. भीती औषधाने गेलीच नव्हती हो. त्यांना माझ्या हाताची सवय झाली होती.

शंकासुर म्हणाला, "मॅडमना मी काही बोललेलो नाही." म्हणजे गप्प बसता आलं असतं! विभागापुढे माझं भाषण ठरलेलं, टाळ्या ठरलेल्या... पण काकांचा तो गाल आठवला. उद्या असा घाबरलेला माणूस माझ्या भरवशावर ते कडूजहर गिळणार? उभी राहिले आणि सांगितलं सगळं. भीती संपवायला निघालेली मी, आणि जवळपास एखादी भिंत आहे का बघत होते. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून. घेतलेस तर सगळे हातावर. आणि बोलू नकोस त्यांच्याशी."

घरी येऊन काकूंनाही सांगितलं, औषध काही खरं नाही, नुसता हात होता. काकू विचारात पडल्या.

"म्हणजे तुझ्या हाताला गुण आहे."

मी म्हटलं, काकू, गुण नाही, चूक आहे, आणि तपासायचं तर तुलनेला दुसरा घाबरलेला माणूस लागेल, हात न धरलेला...

"अगं, संशोधन नको करूस. यांच्याबरोबर जा आणि नुसती बैस."

म्हणून ही इथे बसलेय. हे काका. हात मी नाही धरलेला, त्यांनी धरलाय, माझी बोटं बधिर झालीत. मघाशी त्यांच्या कानात "शहाणे ना तुम्ही" पण म्हटलं... लाज वाटते हो, पण सांगते. आणि बघा, पाटी वाचूनही पळाले नाहीत! अर्थात त्याने काहीच सिद्ध होत नाही. तुलनेला कोणीतरी...

तुम्ही एकटेच आलात ना?

नाही, काही नाही. बसा तुम्ही. नुसते बसा.